ओहोटीला खाडीत काय असतं

प्रश्न, थोडक्यात: मी 61 वर्षांचा. मुंबईत 34 वर्षं नोकरी करून दापोली तालुक्यातल्या गावी परतलो. 2020 च्या निसर्ग वादळात आजोबांनी लावलेलं आगर, म्हणजे पोफळीची बाग, एका दुपारी आडवं झालं. लॉकडाऊनमुळे मी तेव्हा मुंबईत अडकलेलो, पडलेल्या पोफळी फोनवर पाहिल्या. गेल्या वर्षी पत्नी गेली. मुलगा परदेशात, मुलगी पुण्याला. भेटेल तो सांगतो, दृष्टिकोन बदला, आयुष्याचा अर्थ आपोआप सापडेल. दृष्टिकोनाने अर्थ बदलत असेल, तर अर्थ म्हणजे मनाची समजूतच ना? इतकं राबून हातात काय उरलं? शेवटी या सगळ्याला अर्थ काय? आणि हो, आगर पुन्हा लावावं का?

उत्तर:

आगराचं शेवटी बोलू. तुम्ही ते शेवटच्या ओळीत घाईघाईने टाकलंय, पण माझ्या मते पत्रातला सगळ्यात जिवंत प्रश्न तोच आहे आणि त्याला मधल्या गोष्टींची वाट पाहावी लागेल.

'शेवटी या सगळ्याला अर्थ काय' हे वाक्य मी या किनारपट्टीवर 26 वर्षं मानसोपचार करताना इतक्या वेळा ऐकलंय की आता आधी त्याचा सूर ऐकते. पुष्कळदा तो प्रश्न नसतोच, गाऱ्हाणं असतं. आपल्याकडे ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालतात ते आठवा. मानकरी किंवा गुरव उभा राहतो, गावाचं किंवा एखाद्या घराचं जे काही असेल ते देवाच्या कानावर घालतो आणि मागे उभी माणसं प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. तिथे कुणी देवाला तत्त्वज्ञान विचारत नाही. मागचा माणूसही पुढे होऊन 'अहो, जरा दृष्टिकोन बदला' म्हणत नाही. तो फक्त होय म्हणतो. देव कौल देतो, म्हणजे उत्तर देतो, यावर माझा विश्वास नाही, पण त्या 'होय म्हाराजा'वर आहे. माझ्या व्यवसायातलं निम्मं काम तेवढंच आहे.

तुमच्या बाबतीत घडलंय ते असं की तुम्ही गाऱ्हाणं घातलंत आणि लोकांनी उत्तरं दिली. बायको जाऊन वर्ष होत आलेल्या माणसाला उत्तरं नको असतात. म्हणून पुढचं सगळं वाचण्याआधी माझ्याकडून एक 'होय' घ्या. आगर गेलं हे वाईट झालं. ती गेली हे त्याहून वाईट झालं. यात तुमच्या बघण्याची काही चूक नाही.

आता डॉक्टर म्हणून थोडं. पत्रात झोपेबद्दल एक अक्षर नाही, भुकेबद्दलही नाही. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, जेवण कमी झालंय, वजन उतरलंय, कशातच मन लागत नाही, सगळ्याला आपणच जबाबदार आहोत असं वाटतं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते निव्वळ दुःख राहिलेलं नाही, त्याला नैराश्य म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. ॲरन बेक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 1960 च्या दशकात दाखवून दिलं की नैराश्यात तीन ठिकाणी एकदम काळोख पसरतो: मी वाईट, जग वाईट, पुढचंही वाईट. अशा वेळी 'आयुष्याला अर्थ नाही' हा तुमच्या विचारांचा निष्कर्ष नसतो, आजाराचं लक्षण असतं. ताप आलेल्याला थंडी वाजते म्हणून बाहेर हिवाळा आहे असं आपण धरत नाही. थायरॉइड आणि बी-12 एकदा तपासून घ्या. या दोन्हींच्या कमतरतेने मन खाली येतं, आणि एकटा पुरुष चहा-बिस्किटांवर कसा दिवस काढतो ते मला ठाऊक आहे. जगूच नये असं मनात येत असेल तर हे उत्तर इथेच बाजूला ठेवा आणि 14416 ला फोन करा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, रात्रीअपरात्रीही चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. वर्षश्राद्ध जवळ आलं की दुःख पुन्हा उसळतं हेही माहीत असू द्या. ते नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका.

मन आणि अर्थ यांचं नातं लोक समजतात तसं एकेरी नाही. लॉरा किंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर 2006 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसं आनंदी मनःस्थितीत असली की 'माझं आयुष्य अर्थपूर्ण आहे' असं जास्त म्हणतात, एवढंच साधं त्यातून निघालं. आपल्याला वाटतं, आधी अर्थ सापडेल आणि मग मन प्रसन्न होईल. पण उलटा रस्ताही तितकाच वाहता आहे. यातून मी एक नियम केलाय आणि तो रोग्यांना अगदी हुकमाच्या सुरात सांगते: आषाढातल्या संध्याकाळी, वीज गेलेली असताना, एकट्याने बसून विश्वाबद्दल कुठलाही निकाल द्यायचा नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा दोन महिन्यांत कोसळतो. बाहेर भिंतींना शेवाळ चढलेलं असताना आत निघालेले निष्कर्ष दिवाळीपर्यंत तहकूब ठेवावेत. दिवाळीतही तेच वाटलं, तर मग ते विचारात घेऊ.

पण तुमचा मुद्दा खरा असा आहे की हे सगळं मनःस्थितीवर आणि दृष्टिकोनावर असेल तर अर्थ ही समजूतच झाली. यावर मला माझीच फजिती सांगावी लागेल.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. खाडीकाठच्या एका वाडीतली बाई माझ्याकडे आली. नवरा मासेमारीला गेलेला, होडी उलटली, दोन दिवसांनी सापडला. पदरात दोन मुलं. मी तेव्हा व्हिक्टर फ्रँकल नुकताच वाचला होता आणि डोक्यात तोच होता. व्हिएन्नाचा हा मानसोपचारतज्ज्ञ 1942 ते 1945 या काळात नाझींच्या चार छळछावण्यांतून गेला. आईवडील, भाऊ, बायको, सगळे त्या काळात मेले. तो जिवंत बाहेर आला आणि अर्थाच्या शोधावर उभी असलेली एक उपचारपद्धती त्याने जगापुढे ठेवली. त्याचं म्हणणं असं की अर्थ तीन वाटांनी येतो: आपण जगाला काही देतो त्यातून, जगाकडून काही अनुभवतो किंवा कुणावर प्रेम करतो त्यातून, आणि या दोन्ही वाटा बंद झाल्या तर, जे टळत नाही त्याच्याकडे आपण कोणत्या वृत्तीने पाहतो त्यातून. तर हे मी त्या बाईला पाऊण तास समजावलं. तिने ऐकून घेतलं, पिशवी उचलली, 'बरं, येते' म्हणाली आणि पुन्हा आली नाही. ती गेल्यावर मी स्वतःवर खूश होते, हे सांगायला आजही लाज वाटते.

दोनेक वर्षांनी हिवाळ्यात एके सकाळी मी कुठल्याशा कामाने तिथून जात होते. ओहोटी होती. खाडी लांबवर उघडी पडलेली, सगळा चिखल, वर तो वास. मला वाटलं, किती भकास दिसतंय. आणि त्या चिखलात आठ-दहा बायका वाकलेल्या. त्यांत ती होती. तिसऱ्या, म्हणजे चिखलातले शिंपले, काढत होती. पायांनी चाचपायचं, हाताने उकरायचं, टोपलीत टाकायचं. तिने मला ओळखलं. मी काठावरून विचारलं, 'रोज येता का?' ती म्हणाली, 'रोज येऊन काय करू? आज पुनव. आज पाणी लांब जातं. पाणी उतरल्याशिवाय काय गावत नाय.' आणि परत वाकली. तिला माझ्याशी बोलायला वेळ नव्हता, तासाभरात पाणी फिरणार होतं.

ती मला काही शिकवायला बोलली नव्हती, भरती-ओहोटीचं वेळापत्रक सांगत होती. किनाऱ्यावरच्या माणसाला हे पाठ असतं: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी चढतं खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा ना धड चढत ना धड उतरत. भांगाच्या दिवशी काठावर बसून बघणाऱ्याला बरं वाटतं, खाडी भरल्यासारखी दिसते. तिसऱ्यांच्या बाईला तो दिवस फुकट.

आता तुमचा प्रश्न घ्या. खाडी एकच. मला ती रिकामी दिसली, तिला कामाची जागा दिसली. हा दृष्टिकोनातला फरक झाला. पण तिची टोपली भरली ती दृष्टिकोनाने नाही. तिसऱ्या चिखलात होत्याच. तिने त्या मनाने निर्माण केल्या नाहीत. आणि मी काठावरून 'इथे काही नाही' म्हटल्याने त्या नाहीशाही झाल्या नाहीत. दृष्टिकोन वाकायला लावतो, कुठे वाकायचं ते सांगतो, एवढंच. म्हणून अर्थ ही मनाची समजूत आहे हे मला पटत नाही. समजुतीने टोपली भरत नाही. आणि अर्थ कुठेतरी तयार पडलेला आहे, डोळे उघडले की दिसेल, हेही पटत नाही. कारण डोळे तर माझेही उघडे होते.

याची दुसरी बाजू 'पॉझिटिव्ह' वाल्यांनी ऐकायला हवी. समजा वाळूच्या उपशाने खाडीचा तळच गेला, तिसऱ्या उरल्याच नाहीत. मग त्या बाईला चांगल्या दृष्टिकोनाचा काय उपयोग? तिथे मोर्चाच काढायला हवा. फ्रँकलने स्वतः बजावून ठेवलंय की दुःखाचं कारण दूर करता येत असेल तर आधी ते दूर करा. टाळता येणारं दुःख उगाच सोसण्याला तो अर्थपूर्ण म्हणत नाही. वृत्तीची वाट तिसरी आहे, आधीच्या दोन खरोखर बंद झाल्यावरची. माझ्या तरुणपणी मी त्या बाईला पहिल्याच भेटीत तिसऱ्या वाटेवर ढकलत होते, तिच्या पहिल्या दोन वाटा अजून उघड्या असताना. तुमच्या गावातले लोक तुमच्याशी तेच करताहेत. आणि मला शंका आहे की तुम्हीही स्वतःशी तेच करताय.

तुम्ही लिहिलंय: 'इतकं राबून हातात काय उरलं?' हे वाक्य मी बाजूला काढून ठेवलंय. मराठीत 'अर्थ' म्हणजे मतलब आणि 'अर्थ' म्हणजे पैसासुद्धा. आणि आपल्या चाकरमानी पिढीच्या डोक्यात हे दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. गाव मनीऑर्डरवर चालायचा, घर म्हणजे हिशेब, प्रेमसुद्धा महिन्याच्या सात तारखेला पोस्टाने यायचं. अशा माणसाला आयुष्य ही एक वही वाटते: एवढं घातलं, एवढं आलं पाहिजे. ही वृत्ती वाईट नाही, तिच्यावर घरं उभी राहिली. पण मरणाच्या नोंदीला त्या वहीत रकाना नसतो. पत्नी गेली, ती कुठल्या खर्चाच्या बदल्यात? वहीवाला माणूस मग दोनच निष्कर्ष काढू शकतो: कुणीतरी फसवलं किंवा वहीच खोटी. दोन्हींचा शेवट 'अर्थ नाही' इथेच होतो.

तुकोबांचं उदाहरण अनेकदा दिलं जातं आणि बहुतेक वेळा अर्धवट. घरात सावकारी होती. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला. परंपरा सांगते की पुढे त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. कीर्तनात इथपर्यंत येऊन गजर होतो. पण त्याआधीची एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. त्यांनी खतांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा वाटा भावाला दिला आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला. दुःखात बुडालेल्या माणसाने एवढं भान ठेवलं की दुसऱ्याचा हिशेब आपण बुडवायचा नसतो. तुमच्या मुलाने परदेशी जावं की राहावं, तो तुमच्या श्रमांची किंमत कशी करतो, हा त्याचा वाटा. तो तुम्ही माफही करू शकत नाही आणि वसूलही. तुमच्या हातात फक्त तुमच्या अर्ध्या वह्या आहेत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत याच जागी बोट ठेवतात. महाराष्ट्रात ही पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली. एलिस स्वतः ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा आधार घेत: माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मतं करतात. मराठीत हे शिकवायला फार सोपं आहे, कारण आपल्याकडे 'च' आहे. मुलाने जवळ राहावं, ही इच्छा झाली. मुलाने जवळ राहायलाच हवं, ही मागणी झाली. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, मागणी पुरी झाली नाही तर आयुष्य फसल्यासारखं वाटतं. तुमचं पत्र पुन्हा वाचा आणि 'च' शोधा. मला दोन सापडले. एक उघड आहे, 'समजूतच'. दुसरा लिहिलेला नाही, तो 'शेवटी' या शब्दात लपलाय: अर्थ शेवटीच कळायला हवा आणि सगळ्याचा मिळून एकच असायला हवा.

त्या एका मोठ्या अर्थाची फोड करून बघू. मायकेल स्टेगर या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये आयुष्याचा अर्थ मोजायची एक छोटी प्रश्नावली केली. दहाच विधानं आहेत. त्यात त्यांनी अर्थ 'असणं' आणि अर्थ 'शोधणं' वेगवेगळं मोजलं, कारण शोधणाऱ्याजवळ तो असतोच असं नाही आणि ज्याच्याजवळ असतो तो शोधत बसतो असंही नाही. पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी अर्थाचे तीन धागे सांगितले, ते मी माझ्या मराठीत संगती, दिशा आणि मोल असे म्हणते. संगती म्हणजे जे घडतंय त्याचा काही मेळ लागणं. दिशा म्हणजे सकाळी उठून कुठेतरी जायचं असणं. मोल म्हणजे आपण असण्याने कुणाला तरी फरक पडणं. तुमच्या बाबतीत तिन्ही वेगवेगळ्या वेळी तुटलेत. 3 जून 2020 ला संगती गेली: आजोबांनी लावलेलं, वडिलांनी शिंपलेलं, ते चार तासांत कसं जातं, आणि तेही आपण तिथे नसताना? निवृत्तीच्या दिवशी दिशा गेली. गेल्या वर्षी मोल गेलं, कारण 'जेवलात का' विचारणारं माणूस गेलं. तुम्ही या तिघांची एक मोळी बांधून तिला 'शेवटचा अर्थ' म्हणताय, म्हणून ती उचलत नाही. सुटी करा. दिशा सगळ्यात आधी परत येते, कारण ती पायांनी येते. मोल त्याच्या मागून येतं. संगती सगळ्यात शेवटी येते, कधीकधी अपुरीच राहते, आणि तशी राहिली तरी माणसं नीट जगताना मी पाहिली आहेत.

पायांनी येते म्हणाले, ते मुद्दाम. दृष्टिकोन हा शब्दच मला थोडा फसवा वाटतो. त्यात माणूस एका जागी उभा राहून नुसती मान वळवतो असं चित्र आहे. आपला जुना शब्द वृत्ती, आणि त्याहून घरचा शब्द वळण. मुलाला वळण लावतात ते भाषण देऊन नाही, रोज पाय धुवायला लावून. तुमच्या जवळच्याच मुरुडचे महर्षी कर्वे बघा. 1891 मध्ये पहिली पत्नी गेली, 1893 मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं आणि गावाने वाळीत टाकलं. नंतर त्यांचा विधवांसाठीचा आश्रम पुण्याजवळ हिंगण्याला गेला तेव्हा ते तिथून फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला पायी जात-येत असत. 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं, 1962 मध्ये 104 व्या वर्षी वारले. त्यांच्या धीराबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला राहून राहून ते चालणं दिसतं. रोज तेवढं चालणाऱ्या माणसाला 'माझ्या जगण्याला दिशा आहे का' असं विचारायला सवडच मिळत नसावी. उपचाराच्या भाषेतही आम्ही हेच करतो. मन लागेल तेव्हा काम करू असं म्हणणाऱ्याला आधी ठरल्या वेळी काम करायला लावतो, मन मागून येतं. नेहमी येतं असं नाही. पण उलट्या क्रमाने फारच क्वचित येतं.

राहिला तो खरोखरचा शेवटचा प्रश्न. मरणानंतर काय, हे सगळं कशासाठी, यामागे कुणी आहे का. इथे मी हात टेकते आणि टेकायला संकोच करत नाही. फ्रँकलनेही हा अर्थ वेगळा ठेवला होता. क्षणाक्षणाचा अर्थ माणसाला सापडतो, पण समग्राचा अर्थ माणसाच्या बुद्धीच्या आवाक्यापलीकडे आहे, असं त्याचं मत होतं. गीतेच्या सतराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच कृष्ण अर्जुनाला सांगतो की माणूस श्रद्धेचाच बनलेला आहे, ज्याची जशी श्रद्धा तसा तो. मी हे धार्मिक वाक्य म्हणून वाचत नाही, निरीक्षण म्हणून वाचते. माझ्या खोलीत बसून ते रोज खरं होताना दिसतं. ज्याच्या मनात जग हा बाजार आहे त्याला शेवटी फसवणूक दिसते, ज्याच्या मनात जग ही परीक्षा आहे त्याला निकालाची भीती दिसते. आणि आपल्या गावातल्या काही म्हाताऱ्यांच्या मनात जग हे राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाच्या, हद्दीतलं रान असतं. आपण मालक नाही, येऊन-जाऊन असलेली माणसं, नारळ द्यायचा आणि वागायचं नीट. मरताना ही माणसं बाकीच्यांपेक्षा शांत असतात असं मी म्हणाले तर त्याला पुरावा नाही. पण मी घरी जाऊन ज्यांना शेवटच्या आठवड्यांत भेटले आहे, त्यांच्यात ही माणसं कमी भांडलेली आठवतात. एक आजी तर कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात मला अर्थाबिर्थाचं काही न विचारता सांगत होत्या की परसातल्या रातांब्याखाली या वर्षी कुणी झाडलेलंच नाही, कोकमं कुजतील. मी सुनेला सांगितलं. सुनेने झाडलं. आजींचा चेहरा सैल झाला.

माझी स्वतःची श्रद्धा कुठली, हे तुम्ही विचारलेलं नाही आणि मी सांगणारही नाही. वैद्याने आपली औषधं दाखवावीत, आपली दुखणी नाही.

आता आगर.

पुन्हा लावा असं मी सांगितलं तर तो फार सोपा शेवट होईल: म्हातारा माणूस रोपं लावतो आणि अर्थ सापडतो. तुम्हाला ते नको आहे आणि मलाही. हिशेबाने बघा. आज लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे तुम्ही 67-68 चे असाल. त्यानंतर काढणी कुणी करायची, शिंपणं कोण बघणार, चढणारा माणूस मिळतो का, हे खरे प्रश्न आहेत. जमत नसेल तर आगर कुणाला कसायला द्या किंवा विका. आजोबा रागावणार नाहीत. आणि लावायचंच असेल तर बायकोच्या आठवणीत, आजोबांच्या नावाने, असली ओझी त्या रोपांवर घालू नका. एखाद्या पावसात त्यातली दहा रोपं मरतील आणि तुम्हाला वाटेल की ती पुन्हा मेली.

मला विचाराल तर या वर्षी पोफळी लावूच नका. आधी केळी लावा. पोफळीच्या कोवळ्या रोपाला पश्चिमेचं ऊन सोसत नाही, आडोसा लागतोच, तेव्हा काहीही ठरलं तरी केळी वाया जात नाहीत. वर्षभरात घड येतो, एकट्याला संपत नाही, शेजारी द्यावा लागतो. देताना दारात उभं राहून दोन वाक्यं बोलावी लागतात. पुढच्या मृगापर्यंत पडलेली खोडं उचलली गेली असतील, पाट मोकळा झाला असेल, आणि तुम्ही रोज सकाळी तिथे जात होतात की नव्हतात हे तुम्हालाच कळलेलं असेल. जात असाल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठातून श्रीवर्धनी जातीच्या पोफळीची रोपं आणा आणि नऊ-नऊ फुटांवर खड्डे घ्या. जात नसाल तर मुलीला बोलावून जमिनीचे कागद काढा.

आणि पुढच्या पत्रात आधी झोपेचं लिहा. किती वाजता लागते, किती वाजता मोडते. बाकीचं नंतर.